डाळ मिल हिंगणीची, फॉर्म मुंबईचा: छोट्या धंद्यात ‘सस्टेनेबिलिटी’ नेमकी बसवायची कुठे?



व्हिडिओमध्ये वेळ कमी पडतो, म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा. वही-पेन जवळ असेल तर आणखी चांगलं.

गोष्ट हिंगणीची आहे. वर्धा जिल्हा, सेलू तालुका. बोर धरणाला आणि बोर व्याघ्र प्रकल्पाला जाताना लागतं ते हिंगणी. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. तुरीचा हंगाम तोंडावर होता आणि तिथे माझं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. सत्र संपलं, लोक पांगले, आणि एक ताई हातात कागदांचा गठ्ठा घेऊन थांबल्या.

त्या भागातल्या एका छोट्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या त्या संचालक. कंपनीची एक डाळ मिल आहे. एका मोठ्या फूड कंपनीला डाळ द्यायची बोलणी चालू होती. रेट ठरत आला होता, सॅम्पल पास झालं होतं. आणि मग हा फॉर्म आला. एकतीस प्रश्न. पाणी किती वापरता? वीज किती? कचरा कुठे जातो? बालमजूर आहेत का? स्त्री-पुरुषांना समान मजुरी देता का? पर्यावरणाबाबत संचालक मंडळाचं धोरण आहे का? शेवटी संचालकाची सही आणि शिक्का.

अध्यक्ष काकांचं म्हणणं सोपं होतं. “सगळीकडे ‘होय’ वर टिक मारा अन् पाठवून द्या. सगळेच असं करतात. आम्ही काय टाटा-बिर्ला हाओ का?”

ताई म्हणाल्या, “भाऊ, सही तर माझी जाणार आहे ना. काहून खोटं लिहू?”

आजचा लेख या एका प्रश्नावर आहे.

आधी माझी चूक सांगतो

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझं स्वतःचं मसाल्याचं छोटं युनिट होतं. एका खरेदीदाराने असाच फॉर्म पाठवला होता, पाचच प्रश्नांचा. मी दोन मिनिटांत सगळीकडे ‘होय’ केलं. ‘आग विझवण्याचं सिलिंडर आहे का?’ होय! तीन महिन्यांनी त्यांचा माणूस अचानक पाहणीला आला. सिलिंडर होतं, पण मुदत संपून दोन वर्षं झालेली. तो काही बोलला नाही, चहा पिऊन गेला. पुढची ऑर्डर आलीच नाही.

सिलिंडर भरून घ्यायला किरकोळ खर्च होता. माझं गिऱ्हाईक गेलं ते खोट्या ‘होय’मुळे. मी जर ‘नाही, महिनाभरात करतो’ असं लिहिलं असतं, तर कदाचित आजही ते गिऱ्हाईक असतं.

हा फॉर्म आपल्यापर्यंत आला कसा?

मोठ्या कंपन्यांना अचानक निसर्गाचा पुळका आलाय, असं समजू नका. त्यामागे नियम आहे.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने मे 2021 मध्ये ‘बीआरएसआर’ नावाचा अहवाल आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 या आर्थिक वर्षापासून तो द्यावाच लागतो. नफा किती झाला एवढं सांगून भागत नाही. वीज, पाणी, कचरा, कामगार, अपघात, लाचलुचपत, सगळं लिहावं लागतं. 2023 मध्ये सेबी पुढे गेली आणि सर्वांत मोठ्या 250 कंपन्यांच्या पुरवठादारांची माहितीही यात यावी, असं ठरवलं. नंतर ही पुरवठादारांची अट सैल करून ऐच्छिक केली, आणि ज्यांचा वाटा खरेदी-विक्रीत 2 टक्के किंवा जास्त आहे अशाच मोठ्या भागीदारांपुरती ठेवली.

म्हणजे हिंगणीच्या डाळ मिलला कायद्याने बीआरएसआर लागू नाही. मग फॉर्म का आला? कारण मोठ्या खरेदी विभागांना सवय लागली आहे. उद्या नियम पुन्हा कडक झाला तर आपण तयार असावं, म्हणून ते आत्तापासूनच सगळ्यांना विचारून ठेवतात. ज्याचं उत्तर तयार, त्याचा माल आधी. इतका साधा व्यवहार आहे हा.

“हे मोठ्यांचं काम” हा गैरसमज

आता एक गोष्ट सांगतो, जी मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो आणि प्रत्येक वेळी लोक दचकतात.

कंपनी कायदा 2013, कलम 166, पोटकलम 2. संचालकाने कोणाच्या हितासाठी काम करायचं, ते त्यात लिहिलंय. कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज, आणि पर्यावरणाचं रक्षण. होय, ‘पर्यावरण’ हा शब्द संचालकाच्या कर्तव्यातच आहे. त्यात उलाढालीची मर्यादा नाही. नवरा-बायकोची दोन संचालकांची प्रायव्हेट लिमिटेड असो की पाचशे शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी, ‘संचालक’ म्हणून सही केली की हे कर्तव्य आलं.

लोक याची गल्लत सीएसआरशी करतात. सीएसआर वेगळं. ज्या कंपनीची नेटवर्थ 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. आपल्यापैकी बहुतेकांना ते लागू नाही.

फरक एका वाक्यात लक्षात ठेवा. सीएसआर म्हणजे कमावलेल्या नफ्यातून काय दिलं. कारभारातली सस्टेनेबिलिटी म्हणजे तो नफा कमावला कसा. पाच जूनला दहा झाडं लावून बॅनरसमोर फोटो काढला, आणि मागच्या दाराने टाकाऊ माल नाल्यात सोडला, तर फोटो चांगला येईल, कारभार नाही.

वर्ध्याच्या माणसाला हे नवीन नाही

ताईंना मी म्हटलं, “ताई, हे ‘ईएसजी’ वगैरे शब्द परदेशी वाटतात. पण याचं मूळ तुमच्याच जिल्ह्यात आहे.”

वर्ध्याचे जमनालाल बजाज. 1926 मध्ये त्यांनी बजाज उद्योगसमूहाचा पाया घातला. माणूस पक्का व्यापारी, पण संपत्तीकडे बघायची रीत वेगळी. गांधीजींचा विश्वस्तपणाचा विचार आपण शाळेत वाचला. धन आपल्या ताब्यात असलं तरी ते समाजाची ठेव म्हणून सांभाळायचं. जमनालालजी 11 फेब्रुवारी 1942 ला गेले, तेव्हा गांधीजींनी लिहिलं होतं की विश्वस्तपणाबद्दल लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर मुख्यतः हाच व्यापारी असे.

दुसरा माणूस माझ्या जास्त आवडीचा, कारण तो हिशेबनीस होता. जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये अकाउंटन्सी शिकलेले, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र केलेले. 1934 च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून सुरू झालं. ती जागा जमनालालजींनी दिलेली. तिथे कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन अशा उद्योगांवर काम केलं.

कुमारप्पांनी 1945 मध्ये ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात निसर्गातल्या जगण्याच्या पाच रीती सांगितल्या. सर्वांत खालची, जी दुसऱ्याला संपवूनच जगते. तिच्यासाठी उदाहरण वाघाचं. मग माकडाची, आंब्याच्या झाडावरून ओरबाडून खायचं, झाडासाठी काही करायचं नाही. मग स्वतः राबून कमावणाऱ्याची. मग मधमाशीची, सगळ्या पोळ्यासाठी गोळा करणारी. आणि सर्वांत वर पिल्लासाठी झटणाऱ्या आईची.

हिंगणीत वाघाचं उदाहरण देताना मला हसू आलं. बोरचा वाघ तर गावाला पर्यटक आणून देतो, जंगल राखतो! कुमारप्पांचा रोख जनावरावर नव्हताच, माणसाच्या धंद्यावर होता. स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझा धंदा माकडाचा आहे की मधमाशीचा? ज्या विहिरीवर, ज्या वावरावर, ज्या मजुरांवर तो उभा आहे, ते दहा वर्षांनी शिल्लक राहतील का?

कुमारप्पांची आणखी एक आठवण सांगितली जाते. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजींसोबतच्या मंडळींचा खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर जातोय म्हटल्यावर त्यांनी तो निधीतून द्यायला नकार दिला. नियम सर्वांना सारखा, अगदी गांधीजींच्या माणसांनाही! मित्रांनो, याला म्हणतात गव्हर्नन्स. धोरणाचा कागद नंतर येतो. आधी नियम वरच्या माणसाला लागतो का, ते बघायचं.

आता डाळ मिलमध्ये येऊ

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिलवर गेलो. ताई, अध्यक्ष काका आणि आणखी तीन संचालक. फॉर्म बाजूला ठेवला आणि चार कामं केली. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

काम 1: विजेचं बिल वाचलं. मागच्या हंगामाच्या पहिल्या महिन्यात 300 क्विंटल तूर भरडली, वीज लागली 600 युनिट. म्हणजे क्विंटलला 2 युनिट. दुसऱ्या महिन्यात 280 क्विंटलला 700 युनिट. म्हणजे अडीच. माल कमी, वीज जास्त! कोणी लक्षच दिलं नव्हतं, कारण बिल भरणारा वेगळा आणि मिल चालवणारा वेगळा. क्विंटलमागे अर्धा युनिट, 280 क्विंटलला 140 युनिट. 10 रुपये धरले तर महिन्याला 1,400 रुपये वाया. कारण निघालं ढिला पट्टा आणि घासलेलं बेअरिंग. ‘ऊर्जा बचत’ हा फॉर्ममधला प्रश्न आता धंद्याचा प्रश्न झाला.

काम 2: टाकाऊचा हिशेब. टरफल आणि चुनी पशुखाद्यासाठी विकली जात होती, पण वजन न करता, अंदाजाने, पोत्यावर. धूळ मात्र मागच्या बाजूला उघड्यावर पडत होती. पाऊस आला की ती नाल्यात जाणार, नाला कुठे जातो ते गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. ठरलं असं की चुनी काट्यावर मोजूनच जाईल, आणि धूळ कंपोस्टच्या खड्ड्यात.

काम 3: माल वाहणाऱ्या टेम्पोचं भाडं. इथे जरा शांतता पसरली. टेम्पो अध्यक्ष काकांच्या पुतण्याचा. दोन वर्षं तोच लागतोय. त्यात चोरी काही नव्हती, पण दुसरा दरच कोणी कधी मागवला नव्हता. मी एवढंच म्हटलं, “काका, पुतण्याचा टेम्पो लावू नका असं कायदा म्हणत नाही. हितसंबंध मंडळासमोर उघड करा, असं म्हणतो. कलम 184. आणि तीन दर मागवा, एवढी शिस्त आपण लावू.” काका थोडे नाराज झाले. पण दर मागवले. क्विंटलमागे 15 रुपये कमी निघाले. पुतण्याने तोच दर मान्य केला, टेम्पो तोच राहिला!

काम 4: मजुरी. चाळणीवर आणि निवडीवर दोन पुरुष, सहा बाया. काम तेच, तास तेच. बायांना रोज 50 रुपये कमी. “पहिल्यापासून असंच आहे,” एक संचालक म्हणाले.

खरी गाठ इथे होती. ताईंनी रात्रभर फॉर्म उशाशी ठेवला होता तो याच प्रश्नासाठी. त्या सहा जणींपैकी चार त्यांच्याच बचत गटातल्या.

पैसा आणायचा कुठून?

समान कामाला समान मजुरीचा कायदा आपल्या देशात 1976 मध्येच झाला. म्हणजे ‘द्यायची की नाही’ हा मुद्दाच नाही. पण “कायदा आहे” म्हणून मिल चालत नाही, हेही खरं. म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला.

सहा जणी, रोज 50 रुपये, म्हणजे दिवसाला 300. हंगाम 90 दिवसांचा धरला, तर 27,000 रुपये.

आता जमेची बाजू. विजेची बचत तीन महिन्यांची 4,200. टेम्पोचे क्विंटलला 15 रुपये, हंगामात साधारण 900 क्विंटल, म्हणजे 13,500. दोन्ही मिळून 17,700. उरले 9,300. नऊशे क्विंटलवर वाटले तर क्विंटलमागे साधारण 10 रुपये. चुनी मोजून विकल्यावर जे जास्त येतील, ते यात धरलेलेच नाहीत.

फळ्यासमोर काका बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या पुतण्याच्या टेम्पोतून बायांची मजुरी निघते म्हणा की!”

सगळे हसले. पण काकांनी अगदी नेमकं पकडलं होतं. जिथे कारभार ढिला असतो, तिथे पैसा गळतो. आणि जिथे पैसा गळतो, तिथे तो बहुतेक वेळा सर्वांत कमकुवत माणसाच्या मजुरीतून किंवा निसर्गातून वसूल केला जातो. म्हणून सस्टेनेबिलिटी हा वेगळा विभाग नाही. ती मिटिंगच्या वहीत बसवायची असते.

तुमच्या धंद्यात हे बसवायची पाच पावलं

1. एक पान धोरण. इंटरनेटवरून वीस पानं कॉपी करू नका. आपण काय करणार आणि काय कधीच करणार नाही, अशी सहा-सात वाक्यं मराठीत. मंडळाच्या मिटिंगमध्ये ठराव करून मंजूर करा. प्रोप्रायटर असाल तरी लिहा, तारीख टाका, भिंतीवर लावा.

2. तीन जादा रकाने. मासिक हिशेबात उत्पादनासोबत वीज, पाणी आणि टाकाऊ. एकूण आकडा नको, क्विंटलमागे किंवा नगामागे किती, ते काढा. धंदा वाढला की एकूण आकडा वाढणारच. नगामागचा आकडा खरं बोलतो.

3. एका माणसाचं नाव. ‘सर्वांची जबाबदारी’ म्हणजे कोणाचीच नाही. ताईंच्या कंपनीत हे काम तिथल्या सर्वांत तरुण संचालकाला दिलं.

4. मिटिंगमध्ये कायमचा विषय. उत्पादक कंपनीच्या मंडळाला तीन महिन्यांतून निदान एकदा बैठक घ्यावीच लागते. प्रत्येक अजेंड्यावर एक ओळ पक्की ठेवा: ‘वीज, पाणी, टाकाऊ, मजुरी, अपघात’. दहा मिनिटं. चर्चा इतिवृत्तात लिहा. उद्या कोणी पुरावा मागितला तर हेच इतिवृत्त दाखवायचं.

5. हितसंबंधांची नोंदवही. कोणत्या संचालकाच्या नात्यातला कोण आपल्याला माल किंवा सेवा देतो. लाजायचं काही नाही, गावात सगळेच नातेवाईक असतात! लिहिलेलं असलं की कुजबुज थांबते.

सोबत दोन गोष्टी तपासा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत तुमचा उद्योग कोणत्या रंगाच्या वर्गात येतो, आणि बोरसारख्या जंगलाजवळ असाल तर तुमचा गट नंबर इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये आहे का. होमस्टे किंवा जंगल पर्यटनाचा विचार करणाऱ्यांनी तर हे भांडवल घालण्याआधी बघायचं, नंतर नाही.

आणि मदत आहे, ती घ्या. वर्ध्याच्या मगनवाडीतच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, एमएसएमई मंत्रालयाच्या अखत्यारीत. ग्रामीण उद्योगांच्या तंत्रज्ञानावर ती काम करते. केंद्राची ‘झेड’ प्रमाणपत्र योजनाही आहे, ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा तीन पायऱ्यांची, आणि सूक्ष्म उद्योगांना त्यात मोठी सवलत मिळते. सध्याच्या अटी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

फॉर्मचं काय झालं?

एकतीसपैकी अठरा ठिकाणी खरं ‘होय’ निघालं. त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पाच प्रश्न त्यांच्या धंद्याला लागूच नव्हते. आठ ठिकाणी ‘नाही’ लिहिलं, आणि प्रत्येक ‘नाही’पुढे काय करणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहिलं. मजुरीच्या प्रश्नापुढे मात्र ‘पुढच्या वर्षी’ लिहू द्यायचं नाही, असं ताईंनी ठरवलं होतं. या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून समान मजुरी, असा ठराव झाला. सूचक ताई, अनुमोदक अध्यक्ष काका.

ऑर्डर मिळाली का? मिळाली, पण मागितली होती त्याच्या निम्मी. खरेदीदाराने सांगितलं, आठ ‘नाही’ पूर्ण झाल्यावर उरलेल्याचं बोलू. काही लोकांना वाटेल, खोटं लिहिलं असतं तर पूर्ण मिळाली असती. असेलही. पण पाहणीचा माणूस कधीही येवो, या लोकांना आता सिलिंडर लपवायला धावावं लागणार नाही.

ताईंचा नंतर फोन आला. म्हणाल्या, “भाऊ, बायांना पहिल्या आठवड्याची मजुरी दिली. एकीने दोनदा मोजली, अन् परत करायला आली. म्हणे, चुकून जास्त आले.”

तुमचा गृहपाठ: मागच्या तीन महिन्यांची विजेची बिलं काढा, आणि नगामागे किती युनिट लागले ते मांडा. मग तुमच्याकडे एकच काम करणाऱ्या दोन माणसांची मजुरी वेगळी आहे का, ते तपासा. काय निघालं ते कमेंटमध्ये लिहा. ‘नाही’ निघालं तरी लिहा, आणि त्यापुढे तारीख टाका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा नेटाने करा, हिशेब नीट ठेवा!